लाकडाचा उंदीर करणारा माणूस



सातबाऱ्याचा उतारा काढायला आपण केंद्रावर जातो, तेव्हा टेबलामागचा पोरगा हाताखाली साबणाच्या वडीएवढी एक वस्तू सरकवत असतो. ती सरकली की पडद्यावरचा बाण सरकतो, आणि टिचकी मारली की आपला उतारा समोर येतो. या वस्तूला म्हणतात माउस, म्हणजे उंदीर. हा उंदीर ज्यांच्या डोक्यातून निघाला, त्या डग्लस एंगेलबार्ट यांची हकिगत आज सांगतो.

डग्लस यांचा जन्म ३० जानेवारी १९२५ रोजी अमेरिकेत, ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरी झाला. तीन भावंडांत ते मधले. नऊ वर्षांचे असताना वडील वारले. तो मंदीचा काळ. कुटुंब शहराबाहेर, जॉन्सन क्रीक नावाच्या ओढ्याच्या भागात राहत होते. कर्ता माणूस गेल्यावर घरावर काय येते, हे आपल्यापैकी पुष्कळांना सांगायला नको. शाळा मात्र सुटली नाही. १९४२ साली हायस्कूल संपवून ते वीज-इंजिनिअरिंग शिकू लागले.

निम्म्या शिक्षणात लढाईचे बोलावणे आले. नौदलाने त्यांना रडार दुरुस्तीचे काम शिकवले. रडार म्हणजे काय? लहरी सोडायच्या, त्या कशावर तरी आपटून परत आल्या की दूरचे जहाज वा विमान पडद्यावर ठिपका होऊन दिसते. ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांचे जहाज सॅन फ्रान्सिस्कोहून निघत होते, तोच जपानने शरणागती पत्करल्याची बातमी आली. पोरांनी ओरडा केला, "जहाज मागे फिरवा!" जहाज काही फिरले नाही.

फिलिपिन्समधील लेटे बेटावर खांबांवर उभी केलेली एक झोपडी होती. तिच्यात रेडक्रॉसचे वाचनालय होते. तिथे त्यांनी व्हॅनेव्हर बुश या शास्त्रज्ञाचा लेख वाचला. माणसाचे ज्ञान इतके वाढले आहे की हवी ती गोष्ट वेळेवर सापडत नाही, त्यासाठी एखादे यंत्र हवे, असे त्यात म्हटले होते. लेख मनात रुजला, पण उगवायला काही वर्षे गेली.

परत येऊन १९४८ साली त्यांनी पदवी घेतली. कॅलिफोर्नियात विमान-संशोधनाच्या केंद्रात चांगली नोकरी लागली. डिसेंबर १९५० मध्ये बॅलर्ड फिश या मुलीशी लग्न ठरले. तुम्हीआम्ही म्हणालो असतो, पोराचे भले झाले! पण एके दिवशी कामावर जाताना गाडीतच त्यांच्या मनात आले, नोकरी पक्की, लग्न ठरले, आता यापुढे काय? आपल्यापुढे दुसरे ध्येयच नाही, हे पाहून पंचवीस वर्षांचा तो तरुण चरकला.

पुष्कळ विचारांती त्यांनी ठरवले, की माणसांवरची संकटे गुंतागुंतीची होत चालली आहेत, तर चार माणसांना एकत्र बसून विचार करायला मदत होईल असे साधन करायचे. त्या काळी संगणकाला भोके पाडलेली कार्डे द्यावी लागत. रडारचा पडदा हाताळलेल्या डग्लसना वाटले, हे यंत्र पडद्यावर अक्षरे का काढणार नाही? १९५१ साली लग्न झाले आणि पक्की नोकरी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले. १९५५ साली डॉक्टरेट मिळाली. पुढे घरात चार मुले झाली.

कल्पना मात्र पुष्कळांना वेडगळ वाटे. १९६४ च्या सुमारास त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी त्यांच्या सांगण्यावरून लाकडी ठोकळ्याचा पहिला माउस बनवला. खाली दोन चाके, एक आडव्या चालीसाठी, एक उभ्या. मागे शेपटीसारखी तार, म्हणून उंदीर. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे हजार जाणकारांपुढे त्यांनी दीड तास आपले काम दाखवले. तीस मैलांवरच्या सहकाऱ्याशी पडद्यावर बोलत दोघांनी एकाच मजकुरावर काम केले. सभा उठून उभी राहिली.

आणि पदरात काय पडले? १९७० साली मिळालेले पेटंट संस्थेच्या मालकीचे होते. माउस घरोघर गेला, पण डग्लसना त्यातून हक्काचा पैसा मिळाला नाही. पुढे कामाला पैसा कमी पडला, माणसे पांगली आणि १९७७ साली प्रयोगशाळाच दुसऱ्या कंपनीकडे गेली. तरी त्यांनी हाय खाल्ली नाही. आपल्या मुलीला जोडीला घेऊन त्यांनी नवी संस्था काढली आणि तेच काम पुढे नेले. १९९७ साली संगणकक्षेत्रातला सर्वांत मोठा, ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी शेहेचाळीस वर्षांची सोबत संपवून बॅलर्डबाई गेल्या. २ जुलै २०१३ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, डग्लसही गेले.

मंडळी, पोरगा नोकरीला लागला, पोरीचे लग्न ठरले, की आपण हात जोडून म्हणतो, "सुटलो बुवा." तसे म्हणण्यात काही वावगे नाही. कष्टाने आणलेला दिवस असतो तो. पण त्याच दिवशी पोरापोरींना जवळ बसवून एकदा विचारून पाहा, "पोटापाण्याचे झाले. आता तुझ्या कामाचा दुसऱ्या कुणाला काय उपयोग होईल?" उत्तर लगेच येणार नाही. डग्लसनाही ते लगेच सापडले नव्हते.