समुद्राकडे पाठ

मुखपृष्ठावरचे मोआई रापा नुईचे, म्हणजे ईस्टर बेटाचे. बेटावर असे सुमारे १,००० पुतळे आहेत, पैकी जवळजवळ ४०० रानो राराकूच्या खाणीतच राहिले. एक तर २१ मीटरचा, पाठ अजून खडकाला चिकटलेली! किनाऱ्यावरचे बहुतेक समुद्राकडे पाठ करून उभे. हे पूर्वज, त्यांचं लक्ष आपल्या वस्तीवर.

पुतळ्यांच्या हौसेपायी झाडं तोडली आणि बेट बुडवलं, ही गोष्ट जगभर खपली. जंगल गेलं हे खरंच. पण २०१२ साली १८ जणांनी तीन दोरांच्या जोरावर चार टनांहून जड प्रतिकृती डुलवत डुलवत उभ्याने चालवली. सरकवायला ओंडके लागले नाहीत. आणि माणसं? १८६२-६३ मध्ये पेरूच्या गुलाम-व्यापाऱ्यांनी ती पळवली, परतलेल्या मोजक्यांबरोबर देवीची साथ आली. १८७७ मध्ये बेटावर १११ रापानुई उरले होते. एवढं वगळून झाडांचाच हिशेब मागायचा, हा सोयीचा कानाडोळा झाला.

१८६८ मध्ये ब्रिटिश जहाजाने नेलेला होआ हाकानानाइआ हा मोआई आजही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. २०१८ साली बेटावरची मंडळी तिथे जाऊन तो परत मागून आली. या अंकातला मुख्य लेख त्या मागणीवर आहे.