हाड जुळलं, पण झोप?

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात पंतप्रधानांच्या हस्ते एकाच दिवशी दोन लोकार्पणं झाली. एक समृद्धी महामार्गाच्या नागपूर ते शिर्डी या ५२० किलोमीटरच्या पहिल्या टप्प्याचं, दुसरं मिहान या औद्योगिक परिसरातल्या एम्सचं. महामार्ग शिवमडक्याहून सुटतो आणि एम्स तिथून फार दूर नाही.

त्यानंतर सात महिनेही झाले नव्हते. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्री दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे याच महामार्गावर उलटली आणि पेटली. बसमधल्या ३३ जणांपैकी २५ जण गेले, आठ वाचले. टायर फुटला की चालकाला डुलकी लागली, यावर पुढे बरीच चर्चा झाली. पेटत्या बसमधून जिवंत बाहेर आलेला माणूस पुन्हा रात्रीच्या बसमध्ये कसा बसत असेल, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मेलेल्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रातली होती. जखमींचा आकडा छापून येतो तिथेच बातमी संपते. घरातली गोष्ट तिथून पुढे सुरू होते.

पायात रॉड टाकून माणूस घरी येतो. नातेवाईक म्हणतात, ‘नवा जन्म झाला, आता मागचं विसरून जा.’ त्यांच्या मायेत खोट नसते. पण त्या वाक्यानंतर जखमीला बोलायला जागाच उरत नाही. ट्रकचा हॉर्न वाजला की छातीत धडधडतं, डोळा लागला की तोच प्रकाश अंगावर येतो, बाजूला बसलेला मित्र गेला आणि आपण राहिलो याची टोचणी लागते. हे सांगितलं तर लोक कृतघ्न म्हणतील, म्हणून तो गप्प बसतो. चिडचिड वाढते, गाडीची किल्ली कोपऱ्यात पडून राहते, आणि घरचे समजतात, प्लास्टरमुळे कंटाळलाय.

पहिल्या काही आठवड्यांत हे सगळं होणं स्वाभाविक आहे. बहुतेकांचं मन हळूहळू आपोआप सावरतं. त्यामुळे वैद्यकशास्त्र घाई करत नाही. लक्षणं महिन्याहून अधिक टिकली आणि रोजचं जगणं अडू लागलं, तरच ‘पीटीएसडी’ म्हणजे आघातोत्तर ताणविकाराचं निदान होतं. अपघात झाल्या झाल्या जखमीला सगळं सविस्तर सांगायला लावणं हा उपाय वाटतो खरा, पण तो अंगलट येऊ शकतो. ऑक्सफर्डमध्ये रिचर्ड मेयू आणि सहकाऱ्यांनी अपघातात जखमी होऊन दाखल झालेल्या रुग्णांवर हे तपासून पाहिलं. त्यांचे तीन वर्षांनंतरचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. सुरुवातीला ज्यांना जास्त त्रास होता, त्यांच्यापैकी अशा एका बैठकीत बसवलेल्यांचा त्रास तसाच राहिला होता. ज्यांना कुणी बोलायला लावलं नव्हतं, ते सावरले होते.

म्हणजे पहिल्या आठवड्यात हवी ती सोबत, झोप आणि वेदनेवर नीट औषध. खरी विचारपूस महिन्याभराने करायची. आपली व्यवस्था नेमकी इथे तोकडी पडते. अपघातग्रस्तांसाठी मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेली केंद्राची कॅशलेस उपचार योजना मोलाची आहे. दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार तीत मिळतात, पण अपघातापासून फक्त सात दिवस. जीव वाचवण्यासाठी ही मुदत समजण्यासारखी आहे. पीटीएसडी मात्र तिसाव्या दिवसाआधी ओळखताही येत नाही.

तरी त्या सुमारास जखमी माणूस एकदा दवाखान्यात येतोच, हाड जुळलं का ते पाहायला. एक्स-रे उजेडाकडे धरून डॉक्टर ‘छान’ म्हणतात आणि पुढची तारीख देतात. पाच प्रश्न विचारायचे ते इथेच. अपघाताची वाईट स्वप्नं पडतात का, नको असताना तो आठवत राहतो का? तो विचार, तो रस्ता टाळावासा वाटतो का? सतत सावध राहता, जराशा आवाजाने दचकता का? माणसांपासून, आवडीच्या गोष्टींपासून तुटल्यासारखं वाटतं का? स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देणं थांबत नाही का? प्राथमिक चाचणीसाठी अमेरिकेत तयार झालेली ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. तीन-चार उत्तरं ‘हो’ आली, तर मानसोपचार विभागाची चिठ्ठी द्यायची. यासाठी नवं यंत्र लागत नाही, परिचारिकाही हे प्रश्न विचारू शकते.

चिठ्ठी मिळाली की पुढचा रस्ता आहे. आघातावर केंद्रित वर्तन-बोधन उपचारात प्रशिक्षित समुपदेशक ती आठवण टप्प्याटप्प्याने हाताळायला शिकवतो. आधी बंद गाडीत नुसतं बसायचं, मग गल्लीत फेरी मारायची, मग एखाद्या सोबत्याला घेऊन नागपूरच्या वर्धा रोडवर यायचं. नुसत्या झोपेच्या गोळ्या महिनोन्महिने घेत राहणं हा याला पर्याय नाही.

या वाटेला लागणारा काळ आपण मोजत नाही. मुंबईच्या मानसी जोशीचा अपघात डिसेंबर २०११ मध्ये झाला आणि तिचा पाय कापावा लागला. पॅरा बॅडमिंटनचं विश्वविजेतेपद आलं २०१९ मध्ये. घाटकोपर स्थानकात जानेवारी २०१४ मध्ये दोन्ही हात गमावलेल्या मोनिका मोरेवर हातांचं प्रत्यारोपण झालं ऑगस्ट २०२० मध्ये. आपल्या डोळ्यांसमोर पदकाचा आणि नव्या हातांचा फोटो येतो, मधली सहा-आठ वर्षं येत नाहीत. मग प्लास्टर काढलेल्या मुलाला कुणीतरी हेच फोटो दाखवून ‘बघ, शीक काहीतरी’ म्हणतं. त्याला सहा महिन्यांत सावरता आलं नाही, तर तो कमकुवत ठरत नाही.

मदतीच्या वाटा आहेत. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतही बोलता येतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपनीने मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्याच निकषांवर संरक्षण द्यायचं आहे. अपघात भरपाईच्या दाव्यात वेदना आणि मानसिक आघात यांचा विचार व्हायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात मांडलं आहे. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी लपवू नये, हाडाच्या कागदांबरोबर त्याच फाइलीत लावावी.

सुरुवात मिहानपासूनच करता येईल. एम्समध्ये अस्थिरोग विभाग आहे, पुनर्वसन विभाग आहे, मानसोपचार विभागही आहे. तीनही एका आवारात असताना एका विभागातून दुसऱ्या विभागात रुग्ण पाठवण्याचा नियम आज करता येतो. आणि मिहानमधल्या ज्या कंपन्यांचे तरुण कर्मचारी रोज दुचाकीवरून वर्धा रोडने ये-जा करतात, त्यांनी अपघातातून परतणाऱ्या कर्मचाऱ्याला पहिले काही महिने रात्रपाळीतून सूट, कंपनीच्या बसमध्ये जागा आणि समुपदेशनासाठी भरपगारी तास द्यावेत. हे तिन्ही निर्णय मनुष्यबळ विभागाच्या एका परिपत्रकात मावतात.