२६ जानेवारीपर्यंत हिशेब द्या, नाहीतर नव्या कामाला गावाची ना-हरकत नाही

सिंधुदुर्ग जिल्ह्यात पर्यटनाच्या नावाने येणारा निधी मंजूर करणारे, खर्च करणारे आणि त्याची बिलं काढणारे अशा सर्वांना हा जाहीर इशारा आहे. याला कुणी निवेदन समजू नये. निवेदनं देऊन झाली, पोचपावत्या आमच्या फायलीत आहेत आणि त्यांतल्या एकाचंही उत्तर मुद्द्याला धरून आलेलं नाही.

आमच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात एक स्वच्छतागृह उभं आहे. पर्यटन निधीतून बांधलेलं. दर्शनी भिंतीला जांभ्या चिऱ्याचं काम, आत चांगल्यापैकी फरशी, बायकांना कपडे बदलायला वेगळी खोली. दाराला कुलूप आहे आणि खाऱ्या वाऱ्याने ते इतकं गंजलंय की आज चावी सापडली तरी फिरायची नाही. छपरावर पाण्याची टाकी आहे. टाकीतून उतरलेला पाईप जमिनीच्या हातभर वर येऊन संपतो, कारण अंदाजपत्रकात टाकी होती, नळजोडणी नव्हती. वीजमीटरसाठी भिंतीत चौकोन सोडलाय, मीटर नाही. मागच्या शोषखड्ड्याचं झाकण एका पावसाळ्यात खचलं आणि आता गावची गुरं तिकडे जाऊ नयेत म्हणून कुणीतरी त्यावर माडाची झावळं टाकून ठेवली आहेत. कोनशिला मात्र शाबूत आहे.

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत कोल्हापूर, पुणे, बेळगावहून कुटुंबं येतात. समुद्रात भिजून आलेल्या बाया लेकीबाळींना घेऊन त्या बंद दाराशी जातात आणि परत फिरतात. मग किनाऱ्यालगतच्या घरांच्या खळ्यात येऊन संकोचत विचारतात, "काकी, जरा आत जाऊ का?" आमच्या बायका नाही म्हणत नाहीत. पण सरकारने लाखो रुपये खर्चून केलेली सोय बंद राहते आणि तिचा भार घरातल्या बाईवर पडतो, ही कुठली पर्यटनवाढ?

चौकशी केली की ग्रामपंचायत म्हणते, इमारत आमच्या ताब्यात आलेली नाही. बांधणारी यंत्रणा म्हणते, काम पूर्ण झालं, हस्तांतरणाचं पत्र दिलं. ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी संपला, त्याची अनामत परत गेली. कागदोपत्री काम पूर्ण, उपयोगिता प्रमाणपत्र रवाना. ज्या वस्तूचा एक दिवसही उपयोग झाला नाही तिच्या उपयोगितेचं प्रमाणपत्र कुणी सही करून दिलं, हा आमचा पहिला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर आम्हाला नावानिशी हवं आहे.

हे एकाच वाडीचं गाऱ्हाणं असतं तर वर्तमानपत्रात यायची गरज नव्हती. किनाऱ्याने कुठेही जा. बॅटरी चोरीला गेलेले सौरदिवे दिसतील, वाळूने गिळलेले पेव्हर ब्लॉक दिसतील, लोखंडी बाकांचे सांगाडे दिसतील. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उघडं लोखंड टिकत नाही हे इथला कुठलाही होडीवाला सांगेल. त्याला कुणी विचारलं नाही, कारण आराखडा होडीवाल्याला विचारून होतच नाही.

सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा, असं १९९७ साली जाहीर झालं. त्यानंतर योजनांची कमतरता कधी पडली नाही. केंद्राच्या स्वदेश दर्शन योजनेत २०१५-१६ मध्ये सिंधुदुर्ग सागरी परिक्रमेसाठी १९ कोटींहून अधिक रुपये मंजूर झाले. शिरोडा, सागरेश्वर, तारकर्ली, विजयदुर्ग, मिठबाव ही नावं त्यात होती. राज्याची 'चांदा ते बांदा' आली आणि गुंडाळली गेली. तिच्या जागी रत्नागिरी-सिंधुदुर्गसाठी 'सिंधुरत्न समृद्ध' आली, तीन वर्षांत ३०० कोटींची. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. निवतीच्या समुद्रात नौदलाची निवृत्त नौका 'गुलदार' बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करण्यासाठी केंद्राने ४६ कोटींवर रक्कम मंजूर केली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात आमचे सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत. शिवाय जिल्हा नियोजन समितीचा निधी, प्रादेशिक पर्यटन विकास योजनेचा निधी, आमदार-खासदार निधी दरवर्षी चालूच. पैसा येत नाही ही तक्रार आम्ही करत नाही. तशी तक्रार करणारा खोटं बोलतो.

मग पैसा जातो कुठे? सगळाच चोरीला जातो असा आरोप आम्ही करणार नाही, पुरावा हातात येईपर्यंत तर नाहीच. त्याहून मोठं कारण उघड्यावर आहे. जवळजवळ प्रत्येक योजना बांधायला पैसे देते, चालवायला देत नाही. स्वदेश दर्शनातही बांधकाम केंद्राच्या पैशाने आणि देखभाल राज्याच्या गळ्यात, अशीच रचना होती. राज्य ती जबाबदारी खाली ढकलतं आणि सर्वांत खाली उभी असते ग्रामपंचायत. तिच्याकडे एक ग्रामसेवक, तोही कधी दोन गावांत वाटलेला, एक शिपाई आणि घरपट्टीची थकबाकी. पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२१-२६) निधी आला, पण त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. त्यातून गावची नळयोजना चालवायची की किनाऱ्यावरच्या स्वच्छतागृहाला राखणदार ठेवायचा? आराखडा करताना हे कुणी विचारत नाही, कारण राखणदाराच्या पगाराची कोनशिला बसवता येत नाही.

दुसरं कारण मार्च एंड. पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो, प्रशासकीय मान्यता डिसेंबरात, निविदा जानेवारी-फेब्रुवारीत, आणि ३१ मार्चच्या आत पैसे खर्ची पडले नाहीत तर निधी परत जाणार म्हणून पंधरवड्यात काँक्रीट ओतायचं. पाणी मारायला माणूस नाही, भर हंगामात किनाऱ्यावर खडीचे ढीग. मोजमाप पुस्तिका भरली की बिल निघतं. पहिल्या पावसात पायवाट खचते. घाईत केलेल्या कामाचं काय होतं हे मालवणने अख्ख्या देशाला दाखवलं आहे. राजकोट किल्ल्यावरच्या शिवछत्रपतींच्या पुतळ्याचं अनावरण ४ डिसेंबर २०२३ ला झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेसुद्धा टिकला नाही. ज्या राजाने १६६४ साली पायाभरणी करून भर समुद्रात उभा केलेला सिंधुदुर्गाचा कोट आजही लाटा झेलतो आहे, त्याच्याच पुतळ्याची समोरच्या किनाऱ्यावर ही गत झाली. ती बातमी ऐकून इथल्या घराघरांत लोक रडले. त्या दिवसानंतरही आपल्या कामाची पद्धत बदलत नसेल तर कशाने बदलणार?

आणि तारकर्ली विसरू नका. २४ मे २०२२ ला स्कुबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन माणसं गेली. हंगामातले जीवरक्षक, बोटींची तपासणी, जेटीवरची चढउताराची सोय, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राणवायू आणि रुग्णवाहिका ही पर्यटनाची पहिली कामं आहेत. स्वागत कमान नंतर. पण निधीचे प्रस्ताव पाहिले तर कमानी आणि सेल्फी पॉइंट आधी येतात. गर्दी वाढवण्याचा आराखडा आहे, गर्दी सांभाळण्याचा नाही. पुढचा अपघात कुठे होईल हे आम्हाला ठाऊक नाही. तो होईल तेव्हा 'अनपेक्षित' हा शब्द मात्र आम्ही कुणालाही वापरू देणार नाही.

नियोजनाचा कायदा नाही असंही नाही. राज्यघटनेच्या २४३ झेडडी कलमाने जिल्हा नियोजन समिती दिली, महाराष्ट्राने १९९८ साली तिचा अधिनियम केला. तिच्यात किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांतल्या निवडून आलेल्या लोकांतून यावेत, ही घटनेची अट आहे. आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात आमच्या वतीने तिथे बोललं कोण? एखादं ठिकाण 'क' वर्ग पर्यटनस्थळ ठरवायचा अधिकार याच समितीकडे आहे. गावाने ठराव द्यायचा, समितीने मंजुरी द्यायची, इतकं सरळ. प्रत्यक्षात कामांची यादी वरून येते आणि ठरावाचा मसुदा तिच्यासोबत टाइप होऊन येतो.

याच कोकणात वेगळं घडलेलं आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला सोबत घेऊन समुद्री कासवांची घरटी राखली. पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला माणसं येऊ लागली, गावकऱ्यांनी आपल्याच घरांत त्यांची राहण्या-जेवणाची सोय केली. तिथे आधी काम उभं राहिलं, पाहुणे मागून आले आणि पैसा घराघरांत पोचला. आमच्या वायंगणीच्या किनाऱ्यावरही कासवं येतात. त्यांच्या वाटेवर प्रखर दिवे लावायचा प्रस्ताव उद्या कुणी आणला तर तो तिथल्या तिथे फाडला जाईल, हेही आत्ताच सांगून ठेवतो.

आता आमचं म्हणणं नीट ऐका. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढे गावाच्या हद्दीत गेल्या दहा वर्षांत पर्यटनाच्या कोणत्याही लेखाशीर्षातून झालेल्या प्रत्येक कामाची यादी आली पाहिजे. काम कोणतं, किती रकमेचं, ठेकेदार कोण, पूर्णत्वाचा दाखला कुणी दिला, आज ते कुणाच्या ताब्यात आहे आणि चालू आहे की बंद, हे सगळं मराठीत आणि फळ्यावर लावून. बंद असलेलं प्रत्येक स्वच्छतागृह पाणी, वीज आणि राखणदारासह सुरू झालं पाहिजे. त्याच्या तीन वर्षांच्या खर्चाची तरतूद पुढच्या वर्षाच्या जिल्हा वार्षिक आराखड्यात दिसली पाहिजे. यापुढे देखभालीचा आकडा नसलेलं एकही अंदाजपत्रक आम्ही अंदाजपत्रक मानणार नाही.

हे झालं नाही तर २६ जानेवारीच्या त्याच ग्रामसभेत ठराव होईल आणि त्या दिवसापासून पर्यटनाच्या एकाही नव्या बांधकामाला गावाची ना-हरकत मिळणार नाही. भूमिपूजनाला नारळ घेऊन कुणी आलं तर वाडीतला एकही माणूस तिथे उभा राहणार नाही. माहितीचा अधिकार कायदा आम्हाला फक्त कागद मागण्यापुरताच अधिकार देत नाही; कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे नमुने घेण्याचाही देतो. तो आम्ही प्रत्येक कामावर वापरू, मोजमाप पुस्तिकेतली नोंद आणि जागेवरचं काम टेपने मोजून ताडून पाहू आणि जिथे फरक निघेल ते प्रकरण लोकायुक्तांकडे जाईल. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारपासून ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर साखळी उपोषण सुरू होईल. निधी परत जाईल अशी भीती आम्हाला घालू नका. कुलूप लावण्यासाठी येणारा निधी परत गेलेलाच बरा.

गावालाही दोन शब्द ऐकवायचे आहेत, कारण सगळा दोष ओरोसला नाही. वाहनतळाच्या पावत्या फाडल्या जातात, त्यांचा हिशेब ग्रामसभेत कधी मांडला गेला? आपल्या न्याहारी-निवासाचं सांडपाणी पाणंदीत सोडणारे आपलेच आहेत. आपल्या ठेकेदार भाच्याला काम मिळावं म्हणून निकृष्ट पायवाटेवर गप्प बसणारेही आपलेच. यादी मागताना ही नावंही निघतील, ती झाकली जाणार नाहीत.

ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसं आली नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. आजवरचे बहुतेक ठराव अशाच रिकाम्या सभांत झाले आहेत. २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर घरी जाऊ नका. बायकांनी तर नक्कीच थांबा, त्या बंद दाराचा त्रास सर्वांत जास्त तुम्हीच काढला आहे. सही करून आत बसा आणि यादी वाचून होईपर्यंत उठू नका.