पहिल्या तीन महिन्यांची जकात

सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. दहा वर्षांपूर्वी तो जूनच्या उकाड्यात होता आणि आणखी काही वर्षांत ऐन थंडीत जाईल. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे हा महिना असा ऋतूंमधून फिरत राहतो. या काही वर्षांत मात्र त्याची गाठ एका वेगळ्याच हंगामाशी पडली आहे. एसी बसवण्याचा, धुण्याचा, गॅस भरण्याचा हंगाम याच दिवसांत सुरू होतो. हैदराबाद, पुणे, बंगळुरूचे सर्व्हिस सेंटरवाले आणि ठेकेदार याच सुमारास नवी पोरे शोधतात. इकडे तरावीहची नमाज सुरू होते आणि तिकडे नांदेड, परभणी, लातूर, बीडची आयटीआय झालेली मुले पाठीवर सॅक टाकून रात्रीची गाडी पकडतात.

यातली बरीच मुले ईदला घरी येतात आणि परत जात नाहीत. "पोरगं टिकलं नाही," असे गल्ली म्हणते. ते का टिकले नाही, हे कोणी विचारत नाही.

आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन नावाचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. दहावीनंतर प्रवेश मिळतो. एकाच बाकावर शेख, जाधव, कांबळे, पठाण बसतात. कॉम्प्रेसर ओळखायला, कॉपर पाइपला फ्लेअर काढायला, ब्रेझिंग करायला शिकतात. निकाल हातात येतो तेव्हा उन्हाळा कधीच सरलेला असतो. जिल्ह्याच्या गावात एसीची दुकाने मोजकी, आणि प्रत्येक दुकानात मालकाचा भाचा किंवा मेहुणा आधीच बसलेला. चार महिने एसी, मग कूलरची मोटार, मग फ्रिजचे रबर, मग नुसते बसणे. म्हणून बाहेर जावे लागते, आणि मराठवाड्यातल्या मुलाला राज्याबाहेर पहिले नाव आठवते ते हैदराबादचे.

हैदराबादला परराज्य म्हणताना जुन्या माणसांची जीभ अजून अडखळते. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. दखनी बोलणाऱ्या मुलाला तिथे पहिल्या दिवसापासून संवाद साधता येतो. त्याच्या हिंदी बोलणाऱ्या मित्राचेही फारसे अडत नाही. हा फायदा खरा आहे, पण त्यातच एक सापळा आहे. भाषेच्या आणि ओळखीच्या ओढीने मुलगा जुन्या शहरातल्या चाचांच्या दुकानात चिकटतो. दोन वेळचे जेवण, झोपायला पोटमाळा, वर थोडे पैसे. तीन वर्षांनी तो स्प्लिट एसी डोळे मिटून उघडतो, पण हातात पगाराची पावती नसते, पीएफचा नंबर नसतो, अनुभवाचे पत्र नसते. मोठ्या कंपनीच्या दारात तो पुन्हा नवशिकाच.

ज्याला एचव्हीएसी म्हणतात, म्हणजे हीटिंग, व्हेंटिलेशन आणि एअर कंडिशनिंग, त्याचा मोठा भाग त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. हैदराबाद हे औषध कारखान्यांचे आणि आता डेटा सेंटरचेही शहर. औषधाच्या कारखान्यात थंड हवा आरामासाठी नसते. कोणत्या खोलीत किती तापमान, किती आर्द्रता, शेजारच्या खोलीपेक्षा हवेचा दाब किती जास्त, हे सगळे ठरलेले असते. ते बिघडले तर सगळी बॅच वाया जाऊ शकते. तिथे चिलर, कूलिंग टॉवर, एअर हँडलिंग युनिट बारा महिने, चोवीस तास चालतात. नव्या मुलाला तिथे हेल्पर किंवा ट्रेनी ऑपरेटर म्हणून घेतात. ठरल्या वेळेला मीटर पाहायचे, आकडे लॉगबुकात लिहायचे, फिल्टर धुवायचे, वरिष्ठाच्या मागे पाना घेऊन फिरायचे. काम कंटाळवाणे वाटते. पण ते पावसाळ्यात थांबत नाही, आणि दोन वर्षांत मुलाला यंत्राची नाडी कळायला लागते. घरगुती एसीच्या हंगामात मार्चला घेतलेल्या मुलांना जुलैमध्ये घरी पाठवतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला या कंटाळवाण्या कामाची किंमत कळेल.

आंध्रातल्या श्रीसिटीकडेही आता मुले जातात. दायकिन, ब्लू स्टार, लॉइड यांचे एसी तिथे बनतात आणि लाइनवर माणसे लागतात. पगार वेळेवर होतो, पण एकच स्क्रू रोज आवळून मेकॅनिक तयार होत नाही. घरची चूल पेटवायची असेल तर ते चांगले. कसब शिकायचे असेल तर वर्षभरात तिथून पुढे सरकायची तयारी ठेवावी.

दार सापडले तरी आत टिकायला पैसे लागतात, आणि मुले नेमकी तिथे मोडतात. एक तारखेला कामावर लागलेल्या मुलाचा पहिला पगार पुढच्या महिन्याच्या सात किंवा दहा तारखेला होतो. म्हणजे चाळीस दिवस खिशातून खायचे. खोलीवाला आगाऊ भाडे मागतो. सेफ्टी शूज स्वतःचे. ठेकेदार विचारतो, "हत्यार आहे का?" क्लॅम्प मीटर, मॅनिफोल्ड गेज, फ्लेअरिंग टूल, पान्यांचा संच ज्याच्याकडे आहे तो फिटरच्या बरोबरीने उभा राहतो, ज्याच्याकडे नाही तो आउटडोअर युनिट खांद्यावर घेऊन जिने चढतो. गाडीभाडे, खोली, मेस, हत्यारे असे सगळे धरले तर पहिल्या तीन महिन्यांचा खर्च वीस-पंचवीस हजारांच्या घरात जातो. शेतमजुराच्या, हमालाच्या किंवा शिलाई करणाऱ्या आईच्या घरात एवढी रक्कम एकरकमी नसते. मग बचत गटाचे कर्ज, सोनाराकडे गहाण, नाहीतर ठेकेदाराकडूनच उचल. उचल घेतलेला मुलगा पगार वाढवून मागू शकत नाही. आणि मध्येच ईद येते. ऐन हंगामात नव्या मुलाला सुट्टी मिळत नाही, तो न विचारता निघून येतो, आणि परतायला पुन्हा तेच पैसे लागतात.

रमजानमध्ये याच शहरांतून जकातीचा मोठा पैसा फिरतो. वर्षभर शिल्लक राहिलेल्या बचतीच्या आणि दागिन्यांच्या अडीच टक्के. कुरआनच्या सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत: गरीब, निर्धन, कर्जात बुडालेला, वाटसरू आणि इतर. वाटसरू म्हणजे वाटेत अडकलेला प्रवासी, घरातून निघायचा आहे तो नव्हे, असे बहुतेक आलिम सांगतील, आणि ते बरोबर आहे. पण हा मुलगा वाटसरू नसला तरी गरीब आहेच. त्याचा हक्क त्या पहिल्याच शब्दात बसतो.

हनफी फिकहमध्ये जकातीची एक अट आहे. ती हक्कदाराच्या मालकीची करून द्यावी लागते. म्हणूनच जकातीतून इमारत बांधता येत नाही. पण हत्यारांची पेटी विकत घेऊन मुलाच्या हातात दिली, "ही तुझी" म्हटले, की ही अट पूर्ण होते. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडे एक माणूस मागायला आला, त्याची गोष्ट हदीसमध्ये आहे. त्याच्या घरात एक कापड आणि एक वाडगा एवढेच होते. पैगंबरांनी ते दोन दिरहमला विकले. एकाचे घरच्यांसाठी अन्न आणि दुसऱ्याची कुऱ्हाड घ्यायला सांगितली, कुऱ्हाडीला स्वतःच्या हाताने दांडा बसवला आणि लाकूड तोडून विकायला पाठवले. ही गोष्ट दरवर्षी बयानात सांगितली जाते. कुऱ्हाडीच्या जागी मॅनिफोल्ड गेज ठेवून ती ऐकायची वेळ आली आहे.

कोणी म्हणेल, विधवांचे काय, मदरशाचे काय? त्यांचे कमी करा असे कोणीच म्हणत नाही. पण शंभर घरांत शंभर रुपये वाटण्याची जी रीत पडली आहे, तिच्यातून एकाही घराची पुढच्या वर्षीची जकात थांबत नाही. मोहल्ल्यातल्या दहा जणांनी मिळून एका मुलाचे तीन महिने उचलले तर ते घर दोन वर्षांत घेणाऱ्यांच्या यादीतून निघून देणाऱ्यांच्या यादीत जाऊ शकते. बॅनरवरच्या फोटोंसकट होणाऱ्या एखाद्या इफ्तार पार्टीचा खर्च यापेक्षा कमी असेल असे वाटत नाही.

जकात बहुतेक आलिमांच्या मते मुस्लिमांपुरती आहे. ऐच्छिक सदक्याला मात्र तशी मर्यादा नाही, तो कोणालाही देता येतो. तेव्हा शेखच्या पेटीबरोबर कांबळेची पेटीही घेता येईल. हे केवळ औदार्य म्हणून सांगायचे नाही. ही मुले जोडीने गेली तर टिकतात. परमुलखात खोलीवाला आधी नाव विचारतो. काही वस्त्यांत शेखला खोली मिळत नाही आणि जाधवला मिळते. काही वस्त्यांत नेमके उलटे. आयटीआयचे दोन-तीन मित्र एकत्र राहिले तर एकाच्या नावाने सगळ्यांची सोय होते, भाडे वाटले जाते, एकाला काम लागले की तो दुसऱ्याचे नाव पुढे करतो. सहेरीला उठणाऱ्याच्या गजराने दुसऱ्याची झोप मोडते, एवढीच तक्रार उरते.

कागदांचे थोडे. एनसीव्हीटीचे राष्ट्रीय प्रमाणपत्र देशभर चालते. मूळ प्रत कोणत्याही ठेकेदाराकडे ठेवायला देऊ नये. १९६१ च्या कायद्याखाली ॲप्रेंटिसशिप दुसऱ्या राज्यातही करता येते. विद्यावेतन तुटपुंजे असते, २०१९ च्या नियमांत किमान रक्कम शिक्षणानुसार ५ ते ९ हजारांच्या दरम्यान ठरली होती, पण शेवटी मिळणारे प्रमाणपत्र मोठ्या कंपनीत कामाला येते. पीएफचा नंबर राज्य बदलले तरी तोच राहतो. ईएसआयचे कार्डही दुसऱ्या राज्यात चालते. हरयाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांची सक्ती केली होती, ती पंजाब-हरयाणा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केली. आपल्याकडे भूमिपुत्रांच्या घोषणा देणाऱ्यांनी एकदा हैदराबादच्या मेसमध्ये जेवणारी ही पोरे आठवावीत. तिथे परप्रांतीय तीच आहेत.

आणि रोजा. एसीचे आउटडोअर युनिट चौथ्या-पाचव्या मजल्याच्या बाहेर, हातभर रुंदीच्या छज्जावर बसवलेले असते. उन्हात, रिकाम्या पोटी, घसा कोरडा असताना तिथे उतरणारा मुलगा कमरेला दोरी बांधतोच असे नाही. चक्कर यायला एक क्षण पुरतो. नवे एसी ज्या आर-३२ गॅसवर चालतात तो थोडासा ज्वलनशील आहे. लिकेज तपासायला नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन वापरण्याचा अघोरी प्रकारही काही ठिकाणी होतो. कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी गाठ पडली की त्याचा स्फोट होतो. थकलेल्या डोक्याने करायचे हे काम नव्हे. ठेकेदाराला एवढेच सांगायचे असते की उंचीची कामे सकाळी अकराच्या आत द्या, दुपारी खालची कामे द्या. रोजा नसलेल्या मुलालाही ते हवेच आहे. सेफ्टी बेल्ट मिळत नसेल तर बाहेर उतरायचे नाही. शरियतने आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत दिली आहे, आणि जीव जाण्याची भीती असेल तर रोजा सोडून नंतर कजा करण्याची मुभाही आहे. हे त्या मुलाला गावातून निघण्याआधी इमामांनीच सांगावे. बाविसाव्या वर्षी, अनोळखी शहरात, इतर रोजेदारांसमोर तो स्वतःहून ही सवलत घेणार नाही.

मक्केतून मदिनेत आलेल्या मुहाजिरांची आणि स्थानिक अन्सारींची पैगंबरांनी भावाभावांची जोडी लावली होती. हजरत साद बिन रबी यांनी हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांना आपल्या मालमत्तेचा अर्धा वाटा देऊ केला. त्यांनी दुवा दिली आणि म्हणाले, मला फक्त बाजाराचा रस्ता दाखवा. हैदराबादेत, पुण्यात स्थिरावलेले मराठवाड्याचे मेकॅनिक, इंजिनिअर, सुपरवायझर प्रत्येक मोहल्ल्याला ठाऊक आहेत. त्यांच्याकडून पैसे मागायचे नाहीत. कोणत्या कारखान्यात हेल्पर हवे आहेत, कोणता ठेकेदार पगार बुडवतो, कोणत्या गल्लीत खोली मिळते, एवढे एका फोनवर सांगितले तरी पुरे.

राहिला वेळेचा प्रश्न. बरेच लोक जकात शेवटच्या दहा दिवसांत काढतात. मुलगा मात्र पहिल्या आठवड्यात, कधी त्याआधीच निघतो. सत्ताविसाव्या रात्री दिलेली पेटी त्याला एक महिना उशिरा मिळते. हनफी मतानुसार निसाब असलेल्याला वर्ष पुरे होण्याआधीही जकात देता येते. यंदाचा हिशेब रमजानमध्ये करणाऱ्यांनी पुढच्या वर्षीची थोडी रक्कम डिसेंबरमध्येच काढून ठेवली, आयटीआयच्या निदेशकांकडून दोन-चार गरजू मुलांची नावे घेतली, तर जानेवारीत, ठेकेदारांची भरती सुरू व्हायच्या आत, ती मुले पेटीसकट तिथे पोहोचलेली असतील.