आशेची वार्ता
काँगोच्या पूर्व भागात ऑगस्ट २०१८ मध्ये इबोलाची साथ जाहीर झाली. जून २०२० पर्यंत तिने २,२८७ जणांचा बळी घेतला. तीन लाखांहून अधिक लोकांना लस देण्यात आली. तरीही कित्येक कुटुंबे रुग्णाला घरातच लपवीत. उपचारकेंद्रात गेलेला माणूस परतत नाही, अशी त्यांची समजूत होती.

ऑगस्ट २०१९ मध्ये दोन औषधे गुणकारी ठरली. शरीरात विषाणू फार वाढण्यापूर्वी ती मिळालेल्या दहांपैकी सुमारे नऊ रुग्ण वाचले. ही वार्ता लोकांपर्यंत नेण्यास रोगमुक्त झालेलेही पुढे आले. मृत्यूच्या दारातून परतलेला शेजारी आपल्याच भाषेत बोलतो, तेव्हा भीती ओसरते. केवळ भय दाखविल्याने माणूस दडतो. आशेचे कारण कळले, तर तो वेळेवर उपचारांना येतो.