हळद की केमो? प्रश्नच चुकीचा आहे

घरात कुणाला कॅन्सर निघाला की दोन दिवसांत सल्ल्यांचा पाऊस पडतो. कुणी गोमूत्र सांगतं, कुणी गुळवेलीचा काढा, कुणी म्हणतं "साखर बंद करा, गाठ आपोआप विरघळते." सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण ते घर आधीच घाबरलेलं असतं, आणि घाबरलेला माणूस काहीही करून बघतो.

नोव्हेंबर २०२४ आठवतोय? नवज्योतसिंग सिद्धूंनी पत्रकार परिषदेत सांगितलं की पत्नीचा चौथ्या स्टेजचा कॅन्सर हळद, कडुनिंब, लिंबूपाणी अशा आहाराने बरा झाला. त्यांचं ऑपरेशनही झालं होतं, केमोही झाली होती. पण व्हायरल काय झालं? हळद! शेवटी टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांना पत्रक काढून सांगावं लागलं की असल्या गोष्टींवर विसंबून उपचार लांबवू नका.

इथे दोन शब्दांत गल्लत होते. 'पर्यायी' म्हणजे केमोच्या जागी काढा. 'पूरक' म्हणजे केमोच्या जोडीला योग, आहार, मनाला आधार. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीच पट होता; स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटीहून जास्त. त्याच वर्षीच्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात पूरक उपचार घेणाऱ्यांतही धोका दुप्पट दिसला. कारण? त्यांच्यातल्या अनेकांनी ऑपरेशन, केमो किंवा रेडिएशन मध्येच नाकारलं होतं.

मग योग-आयुर्वेद सगळं टाकून द्यायचं का? अजिबात नाही. टाटा मेमोरियलनेच स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० महिलांवर योगाची रीतसर चाचणी घेतली आणि फायदा दिसल्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये जागतिक परिषदेत मांडले. पण तो योग केमोऐवजी नव्हता, उपचारांच्या जोडीला होता. आपल्या अंगणातल्या सदाफुलीचंच घ्या. तिच्यापासून मिळालेलं व्हिन्क्रिस्टीन आज लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरवर वापरतात. पण कुणी पानं चावून बरं होत नाही. त्यातलं नेमकं द्रव्य वेगळं काढलं, डोस ठरवला, चाचण्या झाल्या, तेव्हा कुठे औषध झालं. वनस्पतीला विरोध नाही, न तपासता देण्याला आहे.

आता डॉक्टरांबद्दलही बोलू. ओपीडीत पेशंटने काढ्याचं नाव काढलं की अनेकदा ओरडाच मिळतो. मग पुढच्या वेळी तो सांगतच नाही. घेतो मात्र. हे जास्त धोक्याचं आहे. गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद बाजूला ठेवा. पण केमोची कित्येक औषधं लिव्हरमधूनच जातात. मग पेशंट काय काय घेतोय हे डॉक्टरला कळायला नको?

म्हणून मागणी साधी आहे. कॅन्सरच्या प्रत्येक केसपेपरवर एक रकाना हवा, 'आणखी काय घेता?', आणि तो न रागावता भरून घ्यावा. योग, आहारतज्ज्ञ, समुपदेशक आणि वेदनाशमन हे सगळं कॅन्सर हॉस्पिटलातच, एका छताखाली मिळावं. फक्त मुंबईत नाही, जिल्ह्याच्या ठिकाणीही. जिथे हे मिळत नाही तिथेच भोंदूंचं फावतं. आणि 'कॅन्सर मुळापासून बरा' अशा जाहिरातींवर बंदी घालणारा १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहेच. तो वापरा की!

आपल्यापुरतं एवढं करू. पुढच्या वेळी असा मेसेज आला की फॉरवर्ड करायचा नाही. त्याऐवजी त्या घरी फोन करून विचारायचं, "पुढची केमो कधी आहे? सोबत कुणी आहे का, की मी येऊ?"