साडीगार्ड काढू नका!

जुनी मोटरसायकल घ्यायची आणि घरच्या घरी 'मॉडिफाय' करायची, हे वेड सध्या पुन्हा जोरात आहे. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच तिघांची कामं चालू आहेत आणि चौथा मी. त्यामुळे या विषयावर बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे, असं मी समजतो. (बायको तसं समजत नाही, पण तिचा मुद्दा पुढे येईलच.)

तर माझं म्हणणं असं, की बजेट दहा-बारा हजारांचं असेल तर त्यातला पहिला रुपया दिसणाऱ्या गोष्टीवर जाता कामा नये. होतं नेमकं उलटं. गाडी आणली की पहिल्या रविवारी टाकीला रंग, दुसऱ्या रविवारी सायलेन्सर, तिसऱ्या रविवारी ते बसकं हँडल. मग पैसे संपतात आणि ब्रेक लायनर मात्र आधीच्या मालकाने टाकलेलेच राहतात!

आधी गाडी कुठली घ्यावी ते बोलू. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला मनातून आरएक्स 100 हवी असते. 98 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, तो आवाज... भारतात ती 1985 ते 1996 एवढीच वर्षं बनली, आणि आज तिच्यासाठी जी किंमत मागतात ती लोखंडाची नसून आपल्या कॉलेजच्या दिवसांची असते. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने जरूर घ्यावी. बजेटवाल्याने मात्र मुकाट्याने जुनी स्प्लेंडर शोधावी. 1994 साली आलेली ही गाडी, 97.2 सीसीचं ते आडवं इंजिन, जेमतेम साडेसात हॉर्सपॉवर. कॉलरवाल्यांना ती दूधवाल्याची गाडी वाटते, वाटू द्या. हिरो आणि होंडाची भागीदारी मोडली तरी स्प्लेंडर बनायची थांबली नाही, म्हणून नाना पेठेत गेलात तर तिचा कुठलाही पार्ट मिळतो. एखादा तिथे महाग वाटला तर बुधवारी नाहीतर रविवारी जुना बाजार आहेच. आणि घरच्या घरी काम करणाऱ्याला चूक परवडणारी गाडी हवी. एखाद्या बोल्टचे आटे गेले म्हणून रात्रभर झोप लागू नये, अशी गाडी नको.

माझी 2003 ची आहे. गंजलेली, पण इंजिन कधी न उघडलेलं. मी सुरुवात केली ती लायनर, ब्रेकच्या वायरी आणि टायरपासून. पुढचं चाक काढून ड्रम साफ करणं, कॅमला चिमूटभर ग्रीस लावणं, नवे लायनर बसवणं, हे काम दोन पाने आणि एक सकाळ यात होतं. (ग्रीस चिमूटभरच. ते ड्रममध्ये उतरलं तर नवा लायनरही वाया गेला म्हणून समजा.) मग कोनसेट. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, पुढचं चाक उचला आणि हँडल हळू एका बाजूकडून दुसरीकडे फिरवा. बरोबर मध्यभागी टक् करून अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेला. स्विंगआर्मचे बुश कसे पाहायचे? मागचं चाक धरून आडवं हलवा, खेळ कळतो. ही सगळी कामं झाल्यावर गाडी दिसायला जशीच्या तशीच असते. पण खड्ड्यातून काढा! माझ्या मते हेच खरं मॉडिफिकेशन, फक्त त्याचा फोटो येत नाही.

त्यातच पेट्रोलची नळी बदलून टाका. आता बहुतेक पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. जुनं रबर फुगतं, चिरतं. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे महिना-महिना उभ्या असणाऱ्या गाडीच्या टाकीला आतून गंज धरतो. गाडी उभीच ठेवायची असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाकावं. खालच्या स्क्रूने ते निघतं, पाच मिनिटांचं काम.

हेडलाईटबद्दल मात्र मी जरा जास्त बोलणार आहे. जुन्या स्प्लेंडरचा दिवा बॅटरीवर चालत नाही, थेट कॉइलवर चालतो. म्हणून सिग्नलला थांबलं की दिवा मिणमिणतो आणि ॲक्सिलेटर दिला की फुलतो. यावर आपल्याकडचा लाडका उपाय म्हणजे 100 वॅटचा बल्ब. अहो, 35 वॅटसाठी गुंडाळलेली कॉइल 100 वॅट आणणार कुठून? उजेड वाढत नाहीच, आणि वर होल्डर जळतो. त्यापेक्षा कॉइलची अर्थ सोडवून, फुल-वेव्ह रेक्टिफायर टाकून सगळी वायरिंग डीसीवर घ्यावी आणि मग चांगल्या प्रतीचा एलईडी बसवावा. वायरिंगची सवय नसेल तर एवढं एक काम चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. त्याच्याजवळ उभं राहून शिका, तो नाही म्हणत नाही. आणि दिवा खाली झुकवून लावा. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवणारा एलईडी हा निव्वळ उद्धटपणा आहे.

आता साडीगार्ड. आमच्याच इमारतीतला एक कॉलेजकुमार परवा ग्राइंडर घेऊन खाली आला. म्हणाला, "काका, मागची फ्रेम कापून टाकतो, साडीगार्ड काढतो, चेनकव्हर पण काढतो. एकदम कॅफे रेसर!" मी म्हटलं, "आणि मागे कोण बसणार?" तर म्हणे, "मागे सीटच नसणार ना!" हे उत्तर तसं प्रामाणिक आहे. पण आपल्याकडे खरोखर एकट्याने चालणारी मोटरसायकल मी तरी पाहिलेली नाही. आठ दिवसांत त्याच्या मागे कोणीतरी बसणार, त्या अर्ध्या सीटवर, पाय ठेवायला जागा नसताना. कधी आई असेल साडीत, कधी बहीण ओढणीत. ओढणीचं टोक आऱ्यांमध्ये किंवा उघड्या चेनमध्ये गेलं की काय होतं, ते इथे लिहायची गरज नाही.

साडीगार्ड ही काही म्हाताऱ्यांची हौस नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला 123 वा नियम सांगतो की मोटरसायकलला मागच्या माणसासाठी धरायची सोय, पाय ठेवायची सोय आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं. माझ्या बायकोने हा नियम वाचलेला नाही, पण पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं, "ते जाळीचं काढलंस तर मी बसणार नाही." विषय संपला! मी ते खरवडून काळं केलं. चांगलं दिसतं, खरंच.

फ्रेम कापण्याला तर माझा साफ विरोध आहे. मागचे शॉकअप त्याच नळ्यांवर उभे असतात. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याचा टाका गेटसाठी उत्तम असेल, पण दोन माणसं आणि स्पीडब्रेकर यांच्यासाठी तो कोणी तपासलेला नसतो.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले अशाच बदलाकडे बोट दाखवून हात वर करू शकतात. शिवाय पंधरा वर्षं झालेली गाडी पुन्हा पास करून घ्यावी लागते, पुढे दर पाच वर्षांनी. त्याचं शुल्क 2022 मध्ये वाढलं, वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी 2025 मध्ये आणखी वाढलं. कापलेली गाडी आरटीओत न्यायची म्हणजे मूळ भाग शोधत फिरा. म्हणून माझा नियम साधा आहे: उघडलेलं परत बसवता आलं पाहिजे. काढलेला प्रत्येक पार्ट गोणीत, आणि गोणी माळ्यावर.

सायलेन्सरबद्दल फार लिहीत नाही. साडेसात घोडे मोठ्याने ओरडले म्हणून आठ होत नाहीत.

राहता राहिला रंग. तो शेवटीच, आणि पावसाळ्यात तर मुळीच नाही. दमट हवेत स्प्रे मारला की रंगावर पांढुरकी झाक येते, ती मग पॉलिशनेही धड जात नाही. शिवाय रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. मी दसऱ्यापर्यंत थांबणार आहे. तोवर टाकी घासायची, पोचे लांबीने भरायचे, वाळलं की पुन्हा पॉलिशपेपर. काळा की मरून, यावर घरात अजून एकमत नाही.